विंचू, एक छोटीशी गोळी आणि आईंच्या मनातला सल

गेल्या भातकापणीच्या वेळची गोष्ट. आमचं बिऱ्हाड तालुक्याच्या गावी. यांची नोकरी तिथे, मुलांच्या शाळा तिथे आणि माझी अर्ध्या वेळची शिकवणीही तिथेच. पण कापणी आली की दोन-चार दिवस सासरी, खेड्यावर जावंच लागतं. घरात सासूबाई, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा सात वर्षांचा सोनू. रायगड जिल्ह्यातलं कौलारू घर, जांभ्या दगडाच्या भिंती, मागे गोठा आणि पडवीत पेंढ्याचे भारे.

रात्रीचे सव्वाआठ वाजले असतील. मी आणि जाऊबाई चुलीपाशी होतो. सोनू पडवीतल्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली चटई आणायला गेला आणि "आई गं!" करून ओरडला. आम्ही धावलो. बोटाला काहीतरी डसलं होतं. दिरांनी बॅटरी मारली, तर चटईखालून तांबूस रंगाचा, जेमतेम दोन बोटं लांबीचा विंचू भिंतीकडे पळताना दिसला. त्यांनी चपलेनं तो ठेचला.

पाच-दहा मिनिटं सोनू रडला आणि मग हळूहळू शांत झाला. "दुखतंय का रे?" विचारलं तर म्हणाला, "थोडंसं." घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विंचू काही जहरी नव्हता, असं दीर म्हणाले. कुणी कांद्याचा रस चोळायला सांगितला, कुणी खालच्या वाडीतल्या विंचू उतरवणाऱ्या माणसाला बोलवायला सांगितलं.

एक सासूबाई तेवढ्या काहीच बोलल्या नाहीत. त्या सोनूच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अगं, हा घामानं भिजलाय बघ."

खरंच, त्याचा सदरा पिळून काढावा इतका ओला झाला होता. हातपाय बर्फासारखे गार. आणि तेवढ्यात त्याला उलटी झाली. दुखणं कमी, पण घाम, उलटी आणि गारठलेले हातपाय! मला त्यातलं काही कळत होतं असं नाही, पण मुलं आजारी पडली की आईच्या पोटात जो खड्डा पडतो तो पडला. मी म्हटलं, "भाऊजी, गाडी बघा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

दीर घुटमळले. "वहिनी, आधी खालच्या वाडीत दाखवून..."

त्यावर सासूबाई अशा आवाजात बोलल्या, की मी लग्न होऊन आल्यापासून तसा आवाज ऐकला नव्हता. "कुठे जायचं नाही. गाडी काढ."

बेबीची गोष्ट

शेजाऱ्यांच्या ओम्नीत आम्ही चौघं बसलो. पुढे दीर, मागे सोनूला मांडीवर घेऊन जाऊबाई, मी आणि सासूबाई. चौदा किलोमीटरचा रस्ता. वाटेत सोनूला आणखी दोनदा उलटी झाली. त्या अंधारात सासूबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "बेबीलाही असाच घाम आला होता."

बेबी म्हणजे माझी नणंद. म्हणजे झाली असती. यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. ती लहानपणीच गेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तिचा फोटो नाही आणि तिचा विषयही कुणी काढत नाही. १९७९ साली, पाच वर्षांची असताना, तिला विंचू चावला होता. आधी उतरवणाऱ्याकडे नेली, तिथे दोन तास गेले. मग बैलगाडीतून एका डॉक्टरांकडे. त्यांनी बिचाऱ्यांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, पण पहाटे तिला धाप लागली, तोंडातून गुलाबीसर फेस आला आणि सगळं संपलं.

"मी आधी डॉक्टरकडे नेली असती तर..." असं म्हणून त्या थांबल्या. चाळीसहून जास्त वर्षं ही बाई हे एवढं वाक्य मनात घेऊन जगत होती आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता!

नुसती गोळी?

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, ज्याला आपण सरसकट कॅज्युअल्टी म्हणतो तिथे, एक तरुण डॉक्टरीणबाई ड्यूटीवर होत्या. वय असेल अठ्ठावीस-तीस. मला तर त्या माझ्या शाळेतल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीसारख्या वाटल्या. खरं सांगते, मनात आलं, 'एवढीशी पोर, हिला काय कळणार?'

त्यांनी काय केलं ते मी नीट पाहिलं. बोट पाहण्याआधी त्यांनी सोनूचे तळपाय हातात धरले. मग नाडी, रक्तदाब, छातीला नळी. हे करता करता एकेक प्रश्न: किती वाजता चावला? उलट्या किती झाल्या? घाम कधीपासून? लघवी झाली का? वजन किती? विंचू पाहिला का, काळा मोठा होता की तांबडा लहान? जाऊबाईंना तर रडू आवरत नव्हतं. उत्तरं सासूबाईंनी दिली, एखाद्या परिचारिकेसारखी चोख.

मग डॉक्टरीणबाईंनी नर्सला सांगून एक छोटीशी गोळी मागवली, तिचा वजनाच्या हिशेबानं तुकडा केला आणि पाण्यातून सोनूला पाजला. "आता याला अजिबात उठवायचं नाही, कडेवर घ्यायचं नाही. आडवाच ठेवायचा," असं बजावलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "बाई, इंजेक्शन नाही? नुसती गोळी?"

आपल्यापैकी किती जणींनी असंच विचारलं असतं! इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं की उपचार झाले असं आपल्याला वाटतं. त्यांनी मात्र न रागावता सांगितलं, "आजी, या गोळीसारखं दुसरं काही नाही. सलाईनमधून विंचवाचं प्रतिविषही देतेय, पण गोळी आधी. तुम्ही एक काम करा. याच्या पायाशी बसा आणि दर थोड्या वेळानं पाय धरून बघत राहा. पाय गरम व्हायला लागले की मला हाक मारा."

त्या रात्री सासूबाई त्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहिल्या. तीन तासांनी दुसरी मात्रा दिली, आणखी तीन तासांनी तिसरी. डॉक्टरीणबाई मधून मधून येऊन नाडी, रक्तदाब पाहायच्या आणि कागदावर टिपायच्या. अपघाताचे दोन रुग्ण आले, एक छातीत दुखणारे आजोबा आले, तरी त्यांची फेरी काही चुकली नाही. पहाटे चारच्या सुमाराला सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, पाय कोमट लागतायत!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनूला घरी सोडलं. जाता जाता त्यानं नर्सकडून बिस्किटाचा पुडाही मिळवला!

ही गोळी आली कुठून?

निघण्यापूर्वी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही गोळी विंचवासाठीच असते का हो?" त्या हसल्या. "नाही. ही मुळात रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन. विंचवावर ती चालते हे आपल्या महाडच्या डॉक्टरांनी शोधून काढलं. तुम्ही रायगडच्या ना? मग तुम्हाला ठाऊक हवं."

घरी आल्यावर मी वाचनालयातून मिळेल ते आणून वाचलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव मी ऐकलं होतं, पण 'पद्मश्री मिळालेले कोणीतरी' एवढंच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची खरी ओळख त्याआधीची.

डॉ. बावस्करांचा जन्म १९५१ सालचा, आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड या खेड्यातला. घरची परिस्थिती अगदी बेताची. कष्टाची कामं करत त्यांनी शिक्षण घेतलं आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. 'बॅरिस्टरचं कार्टं' या नावानं त्यांनी आपली जीवनकहाणी लिहिली आहे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले.

कोकणातला तांबडा विंचू ही तिथली रोजची डोकेदुखी. दिसायला लहान, पण विष जबर. शंभरात पंचवीस-तीस, काही नोंदींप्रमाणे चाळीसपर्यंत गंभीर रुग्ण दगावत, आणि त्यात मुलं फार. डॉक्टर मंडळी त्या काळी हाताशी असलेली औषधं देत, म्हणजे स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपीन, अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं. गुण येत नसे. वैद्यकाच्या पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतंच. पुस्तकं लिहिली जात परदेशात, आणि आपला हा विंचू तिकडे कुणाला चावणार?

मग या तरुण डॉक्टरांनी काय केलं? रुग्णांच्या खाटेशी बसून राहिले. विंचू चावल्यापासून घाम कधी सुटतो, उलटी कधी होते, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कधी चढतो नि कधी उतरतो, धाप केव्हा लागते, हे सगळं पाहिलं आणि टिपलं. मोठी यंत्रं नाहीत, प्रयोगशाळा नाही. त्यातून त्यांच्या ध्यानात आलं, की हा मृत्यू मुळात हृदयाचा आहे. आणि धोक्याची पूर्वसूचना शरीर आधीच देतं, फक्त ती ओळखता आली पाहिजे. त्यांचा हा लेख १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. खेड्यातल्या आरोग्य केंद्रातलं काम, आणि छापलं लंडनला!

विष करतं तरी काय?

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेव्हा मला समजलं तसं सांगते. आपण दचकलो, घाबरलो की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. शरीरातल्या अ‍ॅड्रिनलीनसारख्या द्रव्यांमुळे हे होतं. तांबड्या विंचवाचं विष ही द्रव्यं एकदम, पुराच्या लोंढ्यासारखी रक्तात सोडायला लावतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब भडकतो. नळी दाबून धरली आणि पंप चालूच ठेवला तर पंपाचं काय होईल? तसंच हृदयाचं होतं. ते थकतं, फुफ्फुसांत पाणी साचतं, धाप लागते आणि तोंडाला फेस येतो. बेबीला तेच झालं होतं.

प्राझोसिन या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा भार उतरतो. म्हणून तर पाय गरम होणं ही सुटकेची खूण! आणि सोनूला उठवू नका असं का सांगितलं तेही कळलं. या गोळीनं, विशेषतः पहिल्या मात्रेनंतर, एकदम उभं केलं किंवा उचललं तर रक्तदाब झपकन उतरू शकतो.

डॉ. बावस्कर मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाले. एम.डी. झालेला डॉक्टर शहरात राहिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण ते परत याच भागात आले. आधी पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात आणि पुढे महाडला स्वतःच्या दवाखान्यात. पत्नी डॉ. प्रमोदिनीताई या कामात बरोबरीनं होत्या. १९८३-८४च्या सुमाराला त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली आणि १९८६ साली दोघांच्या नावानं त्याबद्दलचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. नवऱ्याच्या कामात बायकोचं नाव सहसा आभारापुरतं येतं. इथे ते लेखावर आहे, हे मला फार आवडलं.

वेळेवर ही गोळी मिळू लागल्यावर मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पुढे विंचवाचं प्रतिविषही मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागलं. २०११ साली या दांपत्यानं सत्तर रुग्णांचा अभ्यास इंग्लंडच्याच 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध केला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो, असं त्यात दिसून आलं. सोनूला दोन्ही का दिलं, त्याचा उलगडा इथे झाला.

आईंच्या मनातला सल

हे सगळं वाचताना मला एक तारीख सारखी टोचत होती. बेबी गेली १९७९ साली. गोळीचा उपयोग सुरू झाला १९८३-८४ला.

म्हणजे सासूबाईंनी बेबीला उतरवणाऱ्याकडे न नेता थेट डॉक्टरकडे नेलं असतं, तरी त्या डॉक्टरांच्या हातात हे औषध नव्हतंच. कुणाच्याच हातात नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम खेड्यावर गेले. दुपारी सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, साल-तारखांसह. त्या खाली मान घालून ऐकत होत्या, हात तांदळात चालूच. माझं झाल्यावर बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे तेव्हा औषधच नव्हतं?"

"नव्हतं, आई."

"आणि ते डॉक्टर तेव्हा बिरवाडीला पोरांच्या उशाशी बसून लिहून घेत होते?"

"हो. त्याच सालांत."

त्या म्हणाल्या, "बेबीसारखीच पोरं असतील ती." आणि पदरानं डोळे पुसले.

दोष कुणाचा नव्हता असं नाही. उतरवणाऱ्याकडे दोन तास घालवणं तेव्हाही चूकच होतं आणि आज तर ती अक्षम्य चूक आहे. पण पोर गेलेल्या आईनं आयुष्यभर फक्त स्वतःला दोष देत राहावं, हेही बरोबर नाही. दिवाळीत त्यांनी ट्रंकेतून बेबीचं एक झबलं काढून मला दाखवलं. घरात तिचं नाव आता निघतं.

डॉक्टर कसा ओळखावा?

यानंतर मी आमच्या शिक्षिकांच्या खोलीत आणि पालकसभेला आलेल्या आयांना सहज विचारत गेले: रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तेव्हा तुम्हाला डॉक्टर कसे वाटले? उत्तरं मोठी गमतीची होती. "फार चांगले होते, लगेच सलाईन लावलं." "काही उपयोगाचे नाहीत, इंजेक्शनसुद्धा दिलं नाही." "आमच्या आधी दुसऱ्याला घेतलं." "बोलायला गोड होते." एक बाई मात्र म्हणाल्या, "त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि काय करतोय ते सांगितलं."

मला वाटतं, खरी परीक्षा ही शेवटची. सलाईनवरून डॉक्टर जोखायचा तर सोनूच्या डॉक्टरीणबाई नापासच झाल्या असत्या! मला सुचलेल्या खुणा अशा: रुग्णाला हात लावून तपासलं का? किती वाजता, काय काय झालं हे विचारलं का? औषध कशासाठी हे दोन शब्दांत सांगितलं का? पुन्हा येऊन पाहिलं का? आणि आपल्या हाताबाहेरचं असेल तर मोकळेपणानं सांगून पुढे पाठवलं का?

'आमच्या आधी दुसऱ्याला घेतलं' ही तक्रार तर मीही पूर्वी केली आहे. पण कॅज्युअल्टीत नंबर आल्या वेळेचा नसतो, जिवाच्या धोक्याचा असतो. ज्याला थांबवलं आहे त्यानं खरं तर देवाचे आभारच मानावेत.

दुसरीही बाजू आहे. पूर्वी कॅज्युअल्टी म्हणजे सगळ्यात नव्या डॉक्टरला बसवण्याची जागा. तातडीची वैद्यकसेवा हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून आपल्या देशात मान्य झाला तो २००९ साली. अशा शिक्षणाचे डॉक्टर अजून सगळ्या तालुक्यांना कुठून मिळणार? पण खाटेशी उभं राहून पाहणं, ऐकणं, टिपणं याला वेगळी पदवी लागत नाही. बिरवाडीला तेच तर झालं.

आणि पैशांचं म्हणाल, तर डॉ. बावस्करांची आणखी एक गोष्ट. २०१३ साली रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून त्यांना कमिशनचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रारही केली. आपल्या बिलात असं कुणाचं कमिशन दडलेलं असू शकतं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं?

त्या दवाखान्यात अभिप्रायाची एक वही होती. चाळून पाहिली तर पानोपानी तक्रारीच. ज्यांचं भलं होतं ते घरी जातात, लिहायला थांबत नाहीत. मी अर्धं पान लिहिलं: काय घडलं, कुणी काय केलं आणि शेवटी एक सूचना, की रात्री कॅज्युअल्टीचं दार कोणतं ते अंधारात कळत नाही, तिथे पाटी आणि दिवा हवा. महिन्याभरानं गेले तेव्हा दिवा लागलेला होता! नुसतं 'छान' किंवा नुसतं 'वाईट' लिहून काही होत नाही. नेमकं लिहिलं तर होतं.

हे जरूर लक्षात ठेवा

● विंचू चावल्यावर नुसतं जोराचं दुखत असेल आणि बाकी काही नसेल, तर धोका त्या मानानं कमी. उलट दुखणं कमी, पण भरपूर घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, धाप अशी लक्षणं असतील तर एक क्षण दवडू नका. मुलग्याचं लिंग ताठर होणं हीसुद्धा विष चढल्याची खूण आहे. संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

● लहान मूल असेल तर लक्षणांची वाट पाहत घरी बसूच नका. दवाखान्यात देखरेखीखाली ठेवणं उत्तम.

● चावल्याची वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहा. प्रत्येक उलटीची वेळही लिहा. मुलाचं वजन ठाऊक असू द्या, गोळीचा हिशेब त्यावर असतो.

● जखम कापणं, चोखणं, डागणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका.

● प्राझोसिन घरात आणून आपल्या मनानं कधीही देऊ नका. रक्तदाब पाहत, डॉक्टरांच्या नजरेखालीच ती द्यायची असते.

● वाहन नसेल तर १०८ क्रमांक फिरवा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४पासून आहे. आणि दवाखाना सरकारी असो की खाजगी, जिवावर बेतलेल्या रुग्णाला आधी उपचार देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे.

● उन्हाळ्यात आणि कापणीच्या दिवसांत विशेष जपा. लाकूडफाटा, गोवऱ्या, पेंढा, कौलांचा ढीग घराच्या भिंतीला लावून ठेवू नका. चटई, अंथरूण, कपडे, चपला झटकून मगच वापरा. खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. अंधारात बॅटरीशिवाय कोपऱ्यात हात घालू नका.

आमच्या पडवीतले पेंढ्याचे भारे आता गोठ्याच्या पलीकडे गेले आहेत. सोनू चटई उचलण्याआधी तिला पायानं दोन लाथा मारतो आणि मग आजीकडे बघून हसतो. सासूबाई मात्र अजूनही रात्री तो झोपला, की एकदा त्याचे तळपाय धरून बघतात. गरम लागले की मगच दिवा मालवतात.